क्लीट घेऊ की फ्लॅटवरच राहू?

पत्र : ताई, मी साताऱ्याची, वय ४८, बँकेत नोकरी. दोन वर्षांपासून हायब्रिड सायकल चालवते. रविवारी ग्रुपबरोबर यवतेश्वर, जमलं तर कासपर्यंत. मागच्या महिन्यात सातारा-कराड-सातारा असे १०० किलोमीटर साडेसहा तासांत झाले, त्यातला सव्वा तास चहा-नाश्त्यात गेला. जानेवारीत पहिली २०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड) करायची आहे. ग्रुपमधली मुलं म्हणतात, ‘काकू, क्लीट (बुटाच्या तळव्याला लावायची, पॅडलमध्ये खट् अडकणारी पट्टी) घ्याच, फ्लॅट म्हणजे साध्या सपाट पॅडलवर तीस टक्के ताकद फुकट जाते.’ मिस्टर म्हणतात, घेऊन टाक एकदाचं. मला पाय अडकून पडायची भीती वाटते. पण पावसात पॅडलवरून पाय सटकतो, हेही खरं. पायात रनिंगचे शूज असतात, साठ-सत्तर किलोमीटरनंतर बोटं बधिर होतात. बाकी त्रास नाही. घाट करून आलं की डावा गुडघा पुढून थोडा दुखतो, तेवढंच. (मे महिन्यात पार्किंगमध्ये सायकल डाव्या अंगावर पडली होती, पण नुसते ओरखडे आलेत.) काय करू?

उत्तर :

पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही कंसात टाकलीत. तिच्याकडे येतेच. आधी ते तीस टक्के निकालात काढू, कारण हा आकडा मी गेली पंधरा वर्षं ऐकतेय आणि तो कुठून आला हे सांगणारा माणूस मला अजून भेटायचाय.

मुलांचं म्हणणं असं असतं, की क्लीटमुळे पाय पॅडलला जोडलेला राहतो, म्हणून पाय खाली जाताना ढकलता येतं आणि वर येताना ओढताही येतं. कागदावर पटतं. प्रत्यक्षात तासन्‌तास सायकल चालवताना कोणी ओढत बसत नाही. जोर लागतो तो पाय वरून खाली जाताना. वर येणारा पाय फार तर स्वतःचं वजन थोडं उचलून घेतो, म्हणजे खाली जाणाऱ्या पायाला त्याचं ओझं होत नाही. मुद्दाम ओढायला लावून प्रयोगशाळेत मोजलं, तेव्हा त्याच कामाला शरीराचं इंधन उलट जास्त लागलं. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात २०१६ साली आणखी सरळ प्रयोग झाला. त्याच माणसांना एकदा रनिंग शूज घालून फ्लॅट पॅडलवर, एकदा टो-क्लिप (पाय पॅडलवर धरून ठेवणारा पट्ट्याचा पिंजरा) लावून आणि एकदा कडक तळव्याचे क्लीटचे बूट घालून सायकल चालवायला लावली. ५०, १०० आणि १५० वॉटवर किती प्राणवायू लागतो ते मोजलं. तिन्हींत सांगण्यासारखा फरक निघाला नाही. माणसं मोजकीच होती, पण तुम्ही-आम्ही घाटात आणि हायवेवर ज्या जोरात चालवतो तो साधारण याच पट्ट्यात येतो.

मुलं अगदीच खोटं बोलतायत असंही नाही. चढावर जीव खाऊन मारलेल्या स्प्रिंटमध्ये क्लीटवाल्यांची ताकद जास्त भरते, हे त्याच प्रयोगशाळेने पुढे मोजलं. पोरं रविवारी यवतेश्वरच्या शेवटच्या वळणावर एकमेकांना मागे टाकायला उठून मारतात ना, तिथे त्यांना ते जाणवतं. तुम्हाला बीआरएममध्ये तसं एकदाही मारायचं नाहीये. मारलंत तर दीडशेव्या किलोमीटरला आठवण येईल.

बीआरएमचा हिशेब कागदावर करू या. २०० ला साडेतेरा तास मिळतात, थांबे धरून. म्हणजे ताशी पंधरा किलोमीटरपेक्षा किंचित कमी चाल लागते. तुमचे १०० साडेसहा तासांत होतात, त्याच चालीने २०० ला तेरा तास. अर्धा तास हातात राहतो. दुसऱ्या शंभरात चाल पडणार आणि हा अर्धा तास वितळणार, ही तुमची खरी भीती असावी. तो वाढवायचा तर तुमच्या हिशेबात सव्वा तास उघडा पडलेलाच आहे. दोनशेला तो अडीच तास होतो. पोहे येईपर्यंत बाटल्या भरल्या, पुढच्या थांब्याचा खाऊ खिशात घेतला आणि ग्रुप फोटो एकदाच काढला, तर त्यातला पाऊण तास सहज परत येतो. इतका वेळ वाचवून देणारं पॅडल अजून बाजारात आलेलं नाही.

आता पाय सटकण्याचं. सायकलबरोबर आलेली पॅडल तशीच आहेत ना? काळ्या प्लॅस्टिकची, कडेला पिवळे रिफ्लेक्टर, वर नुसते उंचवटे? मग ताई, फ्लॅट पॅडल तुम्ही अजून वापरलेलंच नाही. कंपनी सायकलबरोबर जे देते ते दुकानातून घरापर्यंत जाण्यापुरतं असतं. चांगलं फ्लॅट पॅडल चवडा नीट मावेल इतकं रुंद असतं, मध्ये किंचित खोलगट, आणि दोन्ही बाजूंना बारीक स्क्रूसारख्या पिना असतात. त्या बुटाच्या रबरात रुततात. मग पाय जागचा हलवायचा म्हटलं तरी आधी उचलावा लागतो. ऑस्ट्रेलियाच्या सॅम हिलने २०१७, २०१८ आणि २०१९ अशी सलग तीन वर्षं एन्ड्युरो वर्ल्ड सिरीज ही डोंगरी सायकलींची शर्यतमालिका जिंकली ती फ्लॅट पॅडलवर. दगडधोंड्यांतून उतारावर सुटणाऱ्या माणसाचा पाय टिकतो, तर कासच्या पावसात तुमचा का टिकू नये? पिनांचा प्रसाद मात्र एकदा मिळतोच. सायकल ढकलताना पॅडल फिरून नडगीवर बसलं, की तारे दिसतात. माझ्या उजव्या नडगीवर चार ठिपक्यांची रांगोळी आहे.

बोटं बधिर होण्याचं खापर मी बुटांवर फोडते. रनिंग शूजचा तळवा मऊ आणि जाड असतो, धावताना दणका शोषायला. पॅडलवर तो चवड्याखाली वाकतो, सगळा दाब एका रेघेवर येतो आणि वर आपण लेस आवळून बांधलेल्या असतात. क्लीटच्या बुटांनी आराम पडतो तो त्यांच्या कडक तळव्यामुळे, आणि श्रेय जातं क्लीटला. सपाट, पातळ आणि बऱ्यापैकी कडक तळव्याचा कुठलाही बूट चालेल. आमच्याकडची एक बाई बॅडमिंटनचे गम सोलचे बूट घालते. पिनांवर ते असे बसतात की बघत राहावं. अर्धा नंबर मोठा घ्या, कारण दुपारनंतर पाय सुजतो. लेसचं टोक आत खोचा, विशेषतः उजव्या पायाचं. ते चेनमध्ये गेलं की फ्लॅट पॅडलवरही पाय अडकतो आणि तो सोडवायला कुठला स्प्रिंग नसतो.

आता तो कंस.

सायकल उभी असताना डाव्या अंगावर पडते तेव्हा जमिनीवर आधी काय टेकतं? हँडलचं टोक आणि डावं पॅडल. ओरखडे पुसले जातात, पण पॅडलचा एक्सल, म्हणजे मधला दांडा, किंचित वाकला असेल तर वरून दिसत नाही. मग दर फेऱ्याला तुमचं पाऊल थोडंसं आत-बाहेर डोलतं. घोट्याला ते कळत नाही, गुडघ्याला कळतं. मिनिटाला साठ फेरे धरले तर दोन तासांच्या घाटात सात हजारांवर वेळा. तुमचा फक्त डावा गुडघा दुखतो आणि सायकल डावीकडेच पडली होती. हा योगायोग असूही शकतो, पण तपासायला पाच मिनिटं लागतात. सायकल भिंतीला टेकवा, मागे उभ्या राहा आणि कोणालातरी क्रँक (पॅडल ज्याला बसतं तो दांडा) हाताने उलटा, सावकाश फिरवायला सांगा. पॅडलची पाठ एका रेषेत फिरते की लटपटते ते बघा. मग पॅडल काढून एक्सल बोटात धरून फिरवा. वाकलेला असेल तर लगेच कळेल. पॅडल सरळ निघालं तर क्रँक बघायला सायकल मेकॅनिककडे न्या.

काढताना एक जपा. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. मी पहिल्यांदा काढायला गेले तेव्हा पंधरा नंबरचा पाना लावून त्याला सुलट समजून मनापासून आवळत होते, सासरेबुवा पेपर बाजूला ठेवून बघत होते. शेवटी त्यांनीच शांतपणे सांगितलं, ‘अगं, ते पलीकडे फिरतं.’ लक्षात ठेवायला सोपं असं, की सायकलच्या कुठल्याही बाजूला उभं राहा, पान्याचं वरचं टोक पुढच्या चाकाकडे नेलं की पॅडल आवळतं, मागच्या चाकाकडे नेलं की सुटतं. पॅडलवर एल आणि आर ही अक्षरं कोरलेली असतात, ती बघूनच लावा. आट्यांना ग्रीस चोपडा आणि पहिले चार-पाच फेरे बोटांनीच द्या. तिरपं बसवून पान्याने रेटलं तर क्रँकचे आटे जातात. क्रँक ॲल्युमिनियमचा आणि एक्सल पोलादाचा, त्या झुंजीत कोण हरतं ते सांगायला नको.

पॅडल आणि क्रँक दोन्ही सरळ निघाले, तर सीटकडे वळा. गुडघा पुढून दुखतो तेव्हा बहुतेक वेळा सीट खाली असते किंवा जड गिअरवर कुंथत चढलेलं असतं. पुष्कळदा दोन्ही. आपण बायका सीट खाली ठेवतो, कारण सिग्नलला दोन्ही पाय टेकायला हवे असतात. (मीही वर्षभर तशीच चालवली.) नेहमीचे बूट घालून सायकलवर बसा, भिंत धरा, पॅडल तळाशी न्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय जेमतेम सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवला की गुडघ्यात आपोआप थोडा बाक येतो. सीट वर घ्यावी लागली तर एकदम नको. सीटपोस्टवर चिकटपट्टीची खूण करा आणि एका वेळी पाच मिलिमीटर, मग चार-पाच दिवस चालवून बघा. मागून, लवणीत दुखायला लागलं तर जास्त वर गेली. आणि यवतेश्वरला सगळ्यात हलका गिअर लाजता लाजता लावू नका, पायथ्यापासूनच लावा. सूज असेल, किंवा जिना उतरताना दुखत असेल, तर मला पत्र न लिहिता फिजिओथेरपिस्टकडे जा.

हे सगळं क्लीटच्या प्रश्नात कशाला, असं वाटेल. पण क्लीट म्हणजे पाऊल एका कोनात बांधून घेणं. फ्लॅटवर पाय आपल्याला हवा तसा नकळत सरकतो, गुडघा स्वतःची सोय बघून घेतो. क्लीटमध्ये त्याला काही अंशांचीच मोकळीक असते. आधीच कुरकुरणाऱ्या गुडघ्याखाली, वाकडी असू शकेल अशी सायकल, खाली असलेली सीट आणि त्यावर अंदाजाने बसवलेली क्लीट... जानेवारीत तुम्ही बीआरएमच्या स्टार्टला नव्हे, ऑर्थोपेडिककडे रांगेत असाल.

तेव्हा माझं मत. जानेवारीची २०० फ्लॅटवरच करा, पण चांगल्या फ्लॅटवर. बीआरएमवाले हेल्मेट बघतील, दिवे बघतील, रिफ्लेक्टिव्ह जॅकेट बघतील. पॅडल कोणी वाकून बघत नाही.

आणि जानेवारीनंतर? मनात येणारच, कारण मिस्टरांचा उत्साह जोरात दिसतोय. क्लीट वाईट नाही. मी स्वतः लांबच्या राइडला क्लीटच लावते. त्यात वेग मिळतो म्हणून नाही. पहाटे तीनला अर्धवट झोपेत पाय कुठे ठेवलाय याचा विचार करावा लागत नाही, म्हणून. खराब रस्त्यावर पाय उडत नाही. पाय भराभर फिरवणाऱ्यांना ते फार आवडतं. शहरात मात्र फ्लॅट. पुण्यात नळ स्टॉपच्या सिग्नलला मी क्लीटच्या तिसऱ्याच दिवशी पडले होते. हिरवा होईल म्हणून रांगत होते, तो झाला नाही, आणि ताशी शून्याच्या वेगाने मी भिंतीवरच्या घड्याळासारखी उजवीकडे कलत गेले. पाय सुटेना. स्कूटरवाल्या मुलाने गाडी स्टँडला लावून विचारलं, ‘काकू, चक्कर आली का?’ मी हो म्हणाले. खरं सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

घ्यायचीच झाली तर दोन जाती माहीत असू द्या. एक तीन स्क्रूंची, मोठ्या प्लॅस्टिकच्या क्लीटची, रेसवाल्यांची. फ्रान्सच्या लूक कंपनीने बर्फावरच्या स्कीचे बूट अडकवायची युक्ती १९८४ मध्ये सायकलला आणली आणि पुढच्या वर्षी फ्रेंच सायकलपटू बर्नार इनो त्या पॅडलवर टूर द फ्रान्स जिंकला, ती ही. त्याआधी चामडी पट्ट्याचे पिंजरे असत, त्यांना टो-क्लिप म्हणत. तो पिंजरा गेला म्हणून हे ‘क्लिपलेस’. पाय क्लिप करायचा आणि नाव क्लिपलेस, याचं कोडं दुकानात दर आठवड्याला कोणीतरी विचारतं. या क्लीट तळव्याच्या बाहेर येतात. ढाब्याच्या ओल्या फरशीवर त्या घालून मोरीकडे जाणं हा स्वतंत्र क्रीडाप्रकार आहे, आणि चालून चालून त्या झिजतातही. तुम्हाला या नकोत.

दुसरी शिमानोची एसपीडी, १९९० ची, दोन स्क्रूंची. लहानशी पोलादी क्लीट बुटाच्या तळव्यात खोल बसते, त्यामुळे चालता येतं, चहाच्या टपरीवर उभं राहता येतं, पंक्चर काढायला उकिडवं बसता येतं. तुम्ही याच घ्या. त्यातही एका बाजूला एसपीडी आणि दुसऱ्या बाजूला पिनांचं फ्लॅट, असं पॅडल मिळतं. शिमानोचं ईएच ५०० हे त्यातलंच. पोवई नाक्याच्या गर्दीत फ्लॅट बाजू, हायवेला लागल्यावर दुसरी. क्लीट मागताना ‘एसएच ५६’ असं नाव घेऊन मागा. नेहमीची एसएच ५१ फक्त टाच बाजूला वळवली तरच सुटते. ५६ वर-तिरका हिसका दिला तरी सुटते, आणि घाबरलेला माणूस हिसकाच देतो. पॅडलच्या मागच्या बाजूला तीन नंबरच्या ॲलन कीचा छोटा स्क्रू असतो, तो सैल करून स्प्रिंग अगदी हलका ठेवा. दोन्ही पॅडलचा, आणि दोन्ही बाजू असतील तर चारही. एक राहून गेला तर तोच पाय अडकतो. पैशांचं म्हणाल तर पॅडलपेक्षा बुटांनाच जास्त पडतात, आणि बूट घालून बघितल्याशिवाय घेऊ नका.

शिकायचं घरीच. एका हाताने व्हरांड्याचा कठडा धरून खट् अडकवा, टाच बाहेर वळवा, सोडा. डावा पन्नास वेळा, उजवा पन्नास वेळा, रोज, आठवडाभर. मग गवताच्या मैदानावर, पडायची तयारी ठेवूनच. रस्त्यावर आल्यावर थांबायच्या वीस-तीस मीटर आधी पाय सोडायचा, थांबल्यावर नव्हे. आपल्याकडे डावा सोडायचा, कारण रस्त्याची कड डावीकडे असते आणि गाड्या उजवीकडे. नुसता सोडून भागत नाही, अंगही डावीकडे झुकवायचं. डावा सोडलेला आणि तोल उजवीकडे गेला, की माझा नळ स्टॉप होतो. आणि पहिला महिनाभर यवतेश्वरला क्लीट नको. खड्या चढात ताशी पाचाने जाताना चेन पडली तर पाय सोडायला अर्धा सेकंदही मिळत नाही.

ग्रुपमधल्या मुलांना काय सांगायचं, हा प्रश्न पत्रात नव्हता, पण असणारच. काही सांगू नका. पिनांची पॅडल लावून या रविवारी सगळ्यांच्या मागून, हलक्या गिअरवर, न थांबता वर या. मला मात्र पॅडल वाकलेलं निघालं की नाही आणि सीट किती वर गेली, ते कळवा.